ताईंचं निघणं

माझ्या धाकट्या जावेला भाव करता येतो. आमच्या घरात हे वाक्य मी गेली सात वर्षं ऐकते आहे. ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई ते पहिल्यांदा म्हणाल्या, कामशेतच्या बाजारातून तिनं आणलेल्या लसणाकडे बघत. मग नवरा म्हणायला लागला, दीर म्हणायला लागला, शेजारची मावशी कुंपणावरून म्हणायला लागली. मला काय येतं याची यादी कुणी करत नाही. मी बी.ए., बी.एड. आहे. तळेगावच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. घरातल्या सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज मी भरते, सातबाऱ्यातली चूक मी शोधून काढली, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी कागद घेऊन दवाखान्याच्या चार खिडक्या मी फिरले. पण भरलेला अर्ज कुणाला दिसत नाही. लसूण दिसतो.

तर आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. उगाच आडपडदा नको. वर्गात षड्रिपू शिकवताना सहावा आला की मी जरा घाईत पुढे जाते. ती वाईट असती तर सोपं झालं असतं. जरा फटकळ आहे, स्वतःच्या भाकरीचं स्वतःच कौतुक करते, आणि माझ्या साड्या विचारून नेते पण घडी घालून परत देत नाही. यापलीकडे तिच्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही. मी पुष्कळ शोधलं.

तिची भाव करायची रीत दोघींची आहे. एकटीनं ती होत नाही. बाजारात गेलं की ती पुढे बसते, वस्तू हातात घेते, उलटीपालटी करते, विकणाऱ्याच्या गावाची, पोराबाळांची चौकशी करते आणि मधेच एक आकडा टाकते. मी मागे पिशवी घेऊन उभी. बोलणं ताणलं, दोन्ही बाजू आपापल्या आकड्यावर अडल्या, की ती मान न वळवता विचारते, "ताई, काय करायचं?" हा इशारा. त्यावर मी म्हणायचं, "राहू दे, पुढे बघू," आणि चालायला लागायचं. खरोखर चालायचं, मागे न बघता, आठ-दहा पावलं. ती मात्र उठत नाही. तिथेच बसून विकणाऱ्याला सांगते, "बगा, आमच्या ताई निगाल्या. माजं मन हाय, पर घरात त्यांचं चालतं." आणि तो माणूस माझ्या पाठीकडे बघत शेवटचा भाव सांगतो. घरात माझं किती चालतं हे वर आलंच आहे.

आमच्याकडे याला 'ताईंचं निघणं' म्हणतात. मिक्सर, लग्नाचे आहेर, पत्र्याची कोठी, नणंदेच्या मुलीची सायकल, सगळं याच रीतीनं आलं. कौतुक मात्र बसणारीचं. निघणारीला कोण विचारतं? एकदा मी नवऱ्याला म्हटलं, मी निघाले नसते तर तिला काय मिळणार होतं? तो हसला. "निघायला काय लागतं," म्हणाला, "दोन पाय लागतात." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

मी एकटीनंही करून बघितलं. शाळा सुटल्यावर तळेगावच्या एका दुकानात चादरी बघितल्या, सांगितलेल्या किमतीतून दीडशे रुपये कमी करून घेतले. मला कोण आनंद. घरी सासूबाईंनी चादरीचं टोक दोन बोटांत चोळलं, किंमत विचारली आणि एवढंच म्हणाल्या, "धाकटीला न्यायचं हुतंस." त्या चादरी मी अजून पाहुण्यांनाच घालते.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हा दोघींना एकदमच स्कूटर हवी झाली. आमचं गाव कामशेतपासून पाच-सहा किलोमीटर आत, पवनेच्या रस्त्याला. मला शाळेत जायला आधी जीप, मग लोकल, मग तळेगावात रिक्षा. स्कूटर असती तर जाण्यायेण्यातला तासभर वाचला असता. नसती तर माझं काही अडलं नसतं. तिचं अडलं होतं. ती शनिवार-रविवार लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना तांदळाची भाकरी आणि गावरान कोंबडी लागते. तिच्या हाताला चव आहे, हेही मला कबूल करावं लागतं. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बंगल्यात एक वयस्क जोडपं कायमचं राहायला येणार होतं. त्यांनी तिच्या हातचं खाल्लेलं होतं. त्यांनी तिला रोजचं काम देऊ केलं. सकाळी सातला चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, मग सुट्टी. पगार माझ्या पगारापेक्षा फारसा कमी नव्हता. तो आकडा तिनं सांगितला तेव्हा मी "छान" म्हटलं आणि उगाच ओटा पुसायला घेतला.

अट एकच होती. एप्रिलच्या एक तारखेपासून सकाळी सातच्या ठोक्याला हजर. आमच्या गावातून त्या वेळेला काहीही मिळत नाही आणि बंगला तुंगार्लीच्या वरच्या अंगाला, स्टेशनापासून बराच चढ चढून. म्हणजे स्कूटर आली तर काम, नाही आली तर नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

तिच्याकडे सत्त्याण्णव हजार होते. बंगल्यावरच्या कामातून साठवलेले, सगळे तिचे. हप्त्यावर घ्यायला ती तयार नव्हती. "गाडी आपल्या दारात आन् जीव दुकानदाराच्या, आसलं नको," म्हणायची. दिरानं वरचे मी घालतो म्हटलं तर त्यालाही नको म्हणाली. माझी गाडी, माझे पैसे. मला ते ऐकून राग आला. माझ्या स्कूटरचे निम्मे पैसे नवरा देणार होता आणि तोवर मला त्यात काही कमीपणा वाटला नव्हता.

चालवायला आम्ही दोघी दिराच्या मित्राच्या स्कूटरवर शिकलो होतो. ती चार दिवसांत शिकली. मला तीन आठवडे लागले आणि मंदिरामागचा कढीपत्ता गेला.

सोमाटण्याजवळ एक शोरूम आहे. तिथे फोन करून तिनं आधी चौकशी केली. आरटीओ, इन्शुरन्स, सगळं धरून गाडी एक लाख चार हजाराला पडत होती. सात हजार कमी करायला हवे होते. "एकीला कोन देतंय सात हजार?" ती म्हणाली. "पर दोन गाड्या एकदम म्हनल्यावर त्याचा बी जीव हलंल. आन् तुमी निगालात की देतोयच." मार्च संपायला एक दिवस होता. एक तारखेपासून नवे दर लागणार, हेही तिनं विचारून ठेवलं होतं. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

जाण्याआधी मी माझ्या परीनं तयारी केली होती. तीन कंपन्यांच्या गाड्या नेटवर बघून एका वहीत तक्ता केला होता. मायलेज, टाकी, ब्रेक, वजन, सीटची उंची. मनात असं होतं की आज बोलणं मी करणार. बाजारातला लसूण वेगळा आणि शोरूम वेगळं. तिथे वाचलेली बाई लागते. लोकलमध्ये मी ती वही तिला दाखवली. "बाई गं, केवढं लिवलंय," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

शोरूममध्ये टाय लावलेला एक माणूस पुढे आला. मी वही उघडून ब्रेकचं विचारलं. त्यानं नीट उत्तर दिलं, मॅडम मॅडम करत. मी दुसरा प्रश्न शोधत होते तोवर माझी जाऊ एका राखाडी गाडीवर बसून आरशात बघत होती. "दादा, तुमी कुटले?" तिनं त्याला विचारलं. तो बेगडेवाडीकडचा निघाला. तिची एक मावशी तिकडे दिलेली. मग मावशीचं घर कुठं, त्यापलीकडे पिठाची गिरणी, गिरणीवाल्याची सून आणि याची बहीण एका वर्गात, असं सुरू झालं. दहा मिनिटांत त्या माणसानं आवाज खाली आणून तिला सांगितलं की किमतीत हँडलिंग म्हणून जी रक्कम लावतात ती सुटू शकते, फक्त मागावी लागते. माझ्या वहीत ते नव्हतं. मी वही पर्समध्ये टाकली.

पहिल्यांदा अडीच हजार सुटले, प्रत्येकीचे. मग तीन. मग तो म्हणाला की यापुढे साहेबांशीच बोला, आणि आम्हाला काचेच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर पन्नाशीचा, निवांत माणूस. त्यानं आधी चहा मागवला, म्हणजे घाईतला नव्हता. माझी जाऊ त्याच्याशी तशीच बोलली जशी लसूणवाल्याशी बोलते, तेवढ्याच आवाजात, तेवढीच हसून. दोन गाड्या एका घरात, एका दिवशी, रोख. गावात अजून चार जणी विचारतायत, पहिल्या आमच्या बघून त्या येतील. इन्शुरन्स आम्ही ओळखीच्याकडून करून घेतो, तो धरू नका. सीट कव्हर नको, चटई नको, नुसती गाडी द्या. तो एकेक ऐकून घेत होता आणि प्रत्येक वेळी थोडं सोडत होता. चार हजारांवर येऊन तो थांबला.

"काय बोलता तुम्ही," तो तिला म्हणाला, मनापासून. "तुमच्यासारखी बाई आम्हाला सेल्सला पाहिजे." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सौजन्यानं, "या तुमच्या सोबत आल्यात का?"

माझ्या हातात तिची पिशवी होती. सवयीनं मी ती आत येताना घेतली होती, बाजारात घेते तशी. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात चहाचा कप. मीही गाडी घ्यायला आले होते, तेवढ्याच किमतीची, आणि वयानं, शिक्षणानं, नात्यानं मोठी होते. त्या माणसाला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याचा दोष नाही, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या आमच्या थोरल्या ताई," जाऊ म्हणाली. "घरात यांचंच चालतं."

मॅनेजर हसला. वर्गात एखादं पोर म्हणालं की माझे बाबा विमान चालवतात, तर मी जशी हसेन तसा.

"चारच्या वर होणार नाही," तो म्हणाला.

"सात," ती म्हणाली. "सातच्या खाली आमाला जमनार न्हाई, साहेब."

"अहो, सातमध्ये मला काय उरतं?"

बाहेर हायवेवरून एक कंटेनर गेला. आणि मग तिनं मान न वळवता विचारलं.

"ताई, काय करायचं?"

मला काय करायचं ते पाठ होतं. सात वर्षं तेच केलं होतं. कप टेबलावर ठेवायचा, "राहू दे, दुसरीकडे बघू" म्हणायचं आणि दाराकडे चालायचं. तो माणूस अडवणार हे मला दिसत होतं. महिनाअखेर होती, त्याला दोन गाड्या हव्या होत्या, त्यानं बोलता बोलता दोनदा घड्याळ बघितलं होतं. आठ पावलं चालले असते तर झालं असतं. आणि मग घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या असत्या, धाकटीला भाव करता येतो. रोज सकाळी ती नव्या गाडीवरून लोणावळ्याला गेली असती आणि तिचा पगार, तिची गाडी, तिच्या पैशांची, तिनं केलेल्या भावाची, हे मी म्हातारी होईपर्यंत ऐकलं असतं.

मी कप खाली ठेवला नाही. मी चहा प्याले.

ती थांबली. ती कधी दोनदा विचारत नाही. त्या दिवशी तिनं विचारलं. "ताई? निगायचं का?"

मी काचेतून बाहेर बघत होते. ती राखाडी गाडी समोरच होती. मी म्हणाले, "मला आवडली आहे ही."

विकणाऱ्यासमोर असं म्हणायचं नसतं, हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. मी ते स्वच्छ आवाजात म्हणाले, वर्गात म्हणते तसं. मॅनेजरची पाठ खुर्चीला टेकली. "बघा," तो तिला म्हणाला, "मॅडमना पसंत आहे. चार हजार फायनल. आता उगीच नका ताणू." त्याचा आवाजही बदलला होता.

मला वाटलं होतं तिचा चेहरा उतरेल. खरं म्हणजे तो उतरलेला मला बघायचा होता. तो उतरला नाही. तिनं पदर नीट केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मग एकच द्या, साहेब. ताईंची. माजी र्‍हाऊ द्या. पर आता दोघींची सूट एकीवर द्यायची. आठ हजार."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती चेष्टा करत नाही. त्यानं दोन्ही गाड्या पाच हजार कमी करून देऊ केल्या. तिला तरी दोन हजार कमी पडत होते. माझ्या पर्समध्ये त्याहून जास्त होते. दिले असते तरी तिनं घेतले नसते, असं मी स्वतःला सांगते आणि ते बहुतेक खरंही आहे. पण मी विचारलं नाही.

"न्हाई जमत," ती म्हणाली आणि उठली. या वेळी निघाली ती. दार ढकलून सरळ बाहेर, त्या गाड्यांच्या रांगेतून रस्त्यापर्यंत. मी खुर्चीतच राहिले. मॅनेजर एकदा तिच्या पाठीकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. माझ्याकडून त्याला काही कळेना. मग तो स्वतः उठून दारात गेला आणि त्यानं तिला हाक मारली.

साडेसहा हजारांवर सौदा ठरला. वर हेल्मेट, सीट कव्हर, आणि पहिल्या दोन सर्व्हिसिंगचं ऑइल फुकट. टायवाला माणूस म्हणाला की त्या शोरूममधून एका गाडीला एवढी सूट गेलेली त्यानं पाहिली नव्हती. ती सगळी माझ्या गाडीवर होती. स्वतःच्या गाडीसाठी ती जेवढी भांडली त्याहून जास्त माझ्या गाडीसाठी भांडली. सही मी सगळीकडे वळणदार अक्षरात केली, हेही लिहून ठेवते.

कामशेतला उतरल्यावर तिनं पेढे घेतले. घरात शिरता शिरता मी मनात उत्तरं जुळवत होते. तिची गाडी का नाही, कुणी विचारलं तर काय सांगायचं. पण तिनंच आधी बोलायला सुरुवात केली. "माजं न्हाई जमलं, पैसं कमी पडलं," ती सासूबाईंना म्हणाली. "पर ताईंनी आसला भाव केला, मॅनेजर गारच पडला. साडेसहा हजार."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. "थोरलीलाबी येतंय म्हनायचं," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं दोनदा विचारलं, साडेसहा? खरंच साडेसहा? शेजारची मावशी कुंपणाशी आली तर सासूबाईंनीच तिला सांगितलं. मी गप्प राहिले. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण मी दर वर्षी वाक्यात उपयोग करा म्हणून परीक्षेत विचारते.

आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लाज वाटली, रात्रभर झोप लागली नाही, असलं काही झालं नाही. छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात आली. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि जावेनं हळदकुंकवानं पुढे स्वस्तिक काढलं, कारण तिचं अक्षर वाईट असलं तरी स्वस्तिक सरळ येतं. येणाऱ्याजाणाऱ्याला कुणी ना कुणी भाव सांगत होतं. मी पहिल्यांदा त्या घरात भाव करता येणारी बाई होते. ते तीन-चार दिवस फार चांगले गेले.

दुसऱ्या बंगल्याचं काम गेलं. ते एकदम नाही गेलं. एक तारखेला दिरानं तिला आपल्या टेम्पोतून सोडलं, दोन तारखेलाही सोडलं, तीनला त्याला चाकणचं भाडं होतं. ती चालत, जीप शोधत, नऊला पोचली. आठवड्यानं त्या जोडप्यानं बंगल्यातच राहणारं एक कुटुंब ठेवलं. हे तिनं मला तांदूळ निवडताना सांगितलं. "म्हातारी चांगली हुती. पर त्यांना गोळ्या असत्यात सकाळच्या, खाऊन घ्याव्या लागत्यात. त्या तरी काय करतील?" एवढं बोलून तिनं सूप पाखडलं. त्या दिवसापासून माझं कौतुक मला ऐकवेना. कुणी भावाचं काढलं की मी उठून जायला लागले, आणि घरच्यांना वाटलं, थोरली नम्र आहे. तेही माझ्याच खात्यात जमा झालं.

मेच्या एका रविवारी तिला जुन्या बंगल्यावर पाहुण्यांच्या नाश्त्याला जायचं होतं आणि दीर टेम्पो घेऊन बाहेरगावी गेला होता. सासूबाई म्हणाल्या, थोरली सोडंल. तोवर मी तिला कधी माझ्या गाडीवर बसवून लांब नेलं नव्हतं. तिनं मागितलं नव्हतं, मी म्हटलं नव्हतं. सकाळी सहाला निघालो. कामशेतच्या बाजारातून बाहेर पडून जुन्या हायवेला लागलो. ती मागे भाकरीच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कार्ल्याच्या फाट्यापुढे एका ट्रकमागे आम्ही हळू झालो.

"ताई," ती मागून म्हणाली, "एक इचारू?"

मला वाटलं, आलं. गेला सव्वा महिना मी याचीच वाट बघत होते. तिनं भांडावं असंच मला वाटत होतं. भांडली असती तर मीही चार शब्द बोलले असते, तिची पिशवी, तिचा लसूण, सगळं काढलं असतं, आणि मग फिटंफाट झाली असती.

"विचार."

"त्या दिवशी तुमचं मन बसलं हुतं ना ह्या गाडीवर?"

मी आरशात बघितलं. त्यात तिचा खांदा आणि मागचा रस्ता दिसत होता. तोंड दिसत नव्हतं.

"मला तवाच कळलं," ती म्हणाली. "तुमी कवा म्हनत न्हाई, मला हे आवाडलं म्हून. सात वर्सांत पयल्यांदा म्हनलात. साड्या घेताना बी न्हाई म्हनत, आमीच घेतो तुमच्या अंगाला लावून. मी म्हनलं, आता ताई निगाल्या आन् त्यानं खरंच न्हाई म्हनलं, तर त्यांची बी जायाची. म्हून गप बसलात ना?"

ट्रकवाल्यानं हात दाखवला. मी पुढे गेले. पुढे रस्ता मोकळा होता आणि उत्तर द्यायला भरपूर वेळ होता.

"हो," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "येकीची तरी आली."

तिला बंगल्याच्या फाटकाशी सोडलं. ती डबा घेऊन आत गेली, आणि मी गाडी वळवून तिथेच थोडा वेळ थांबले. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. एवढं गमावून असं सहज "बरं झालं" म्हणता येतं कुणाला, याचा हेवा. मला ते कधी जमलं नसतं. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघून त्याचा शेवटचा आकडा ओळखते ती. लसूणवाल्याचा, मॅनेजरचा, सगळ्यांचा ओळखते. माझाच तेवढा तिला ओळखता आला नाही, कारण माझ्याशी तिनं कधी घासाघीस केलीच नव्हती.